चोर जेवला तो डबा

हैदराबादच्या पुरानी हवेलीत निझामाचं संग्रहालय आहे, आणि त्या संग्रहालयात सोन्याचा एक जेवणाचा डबा आहे. तीन खणांचा, वजन सुमारे दोन किलो, अंगावर हिरे, माणकं आणि पाचू. सातवा निझाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाचा सोहळा १९३७ साली झाला. त्या वेळी नजराण्यांचा जो ढीग साचला, त्यातलाच हा डबा. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री दोन चोर झरोक्याची जाळी काढून दोरानं आत उतरले आणि डबा, सोन्याचा कप, बशी आणि चमचा घेऊन पसार झाले. पुढे ते मुंबईला गेले, पंचतारांकित हॉटेलात उतरले. पण असल्या मालाला गिऱ्हाईक कुठून मिळणार? हात हलवत परत आले आणि आठवडाभरात पकडले गेले. तेव्हा पोलिसांनी सांगितलं, की मधल्या दिवसांत दोघांतला एक जण रोज त्या डब्यातून जेवत होता.

ही बातमी तेव्हा सगळ्यांनी हसत हसत वाचली. मला मात्र त्या चोराचं कौतुक वाटलं. ‘टाइम’ साप्ताहिकानं ज्याला १९३७ साली जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, तो निझाम स्वतःच्या बाबतीत कमालीचा काटकसरी होता. साध्या टिनच्या ताटात जेवायचा, असं सांगतात. असा माणूस हिऱ्यामाणकांच्या डब्यात खट्टी दाल भरून घेईल, हे मला पटत नाही. म्हणजे ऐंशी वर्षं त्या डब्यात कुणी जेवलं नसावं. डब्याला डब्यासारखं वागवलं ते चोरानं. आता डबा पुन्हा काचेच्या पेटीत आहे.

खाण्यापिण्याच्या संग्रहालयांची हीच अडचण असते. खाणं ठेवता येत नाही, म्हणून भांडं ठेवायचं. जगभर याच्यावर नाना तोडगे निघाले आहेत. जपानमधल्या योकोहामात १९९४ पासून रामेन शेवयांचं संग्रहालय आहे. तिथं जुन्या टोकियोची गल्ली उभारून तिच्यात चक्क चालू खानावळी बसवल्या आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातलं मोहरीचं संग्रहालय एका सरकारी वकिलानं काढलं. १९८६ साली त्याचा आवडता बेसबॉल संघ हरला, झोप येईना, म्हणून रात्रभर उघड्या असलेल्या एका दुकानात तो मस्टर्डच्या बाटल्यांपुढं जाऊन उभा राहिला आणि तिथून हा नाद लागला. स्वीडनमधल्या माल्मो शहरात २०१८ साली किळसवाण्या पदार्थांचं संग्रहालय निघालं. बर्लिनमध्ये करीवुर्स्ट या सॉसेजचं होतं, ते नऊ वर्षं चालून २०१८ साली बंद पडलं; बाहेर टपरीवर गरम मिळत असताना आत तिकीट काढून कोण जाणार! आपल्याकडे मुन्नारला चहाचं आहे, गोव्यात कांदोळीला २०२१ पासून फेणीचं आहे, अहमदाबादेत ‘विशाला’च्या आवारात १९८१ पासून भांड्यांचं आहे.

हैदराबादेत बिर्याणीचं संग्रहालय नाही. युनेस्कोनं २०१९ साली खाद्यसंस्कृतीसाठी ज्या शहराला सर्जनशील शहरांच्या यादीत बसवलं (त्याच दिवशी मुंबईला सिनेमासाठी बसवलं), तिथं बिर्याणीच्या नावानं एक खोलीसुद्धा नसावी, याचं नवल वाटतं. पण खाण्याची संग्रहालयं त्या बाजूला नाहीतच असं नाही. ती शहराच्या एका इमारतीत नसून रस्त्यावर विखुरलेली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना कुणी संग्रहालय म्हणत नाही. तो रस्ता म्हणजे पुण्याहून निघून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, पटणचेरू करत हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५. जुनी माणसं अजून त्याला नऊ नंबरच म्हणतात. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या वर. विमानानं हे सगळं ढगांखाली राहतं, म्हणून गाडीनंच जावं.

सुरुवात पुण्यातच करायची, बाजीराव रस्त्यावर, राजा दिनकर केळकर संग्रहालयात. पुणेकर इथं पाहुण्यांना घेऊन जातात आणि स्वतः शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाऊल टाकत नाहीत. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांचा घरचा धंदा चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहायचे. मुलगा राजा लहानपणीच गेला; त्याच्या नावानं त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. लोक तिथं मस्तानी महाल बघतात. मी अडकित्त्यांपुढं उभा राहतो. पक्ष्याच्या आकाराचे, घोड्याच्या आकाराचे, मिथुनाचे, पितळी, लोखंडी. सुपारी कातरायला एवढ्या कलाकुसरीची गरज काय, असा प्रश्न ज्याला पडतो त्यानं जेवण झाल्यावर माजघरात पानाचं तबक फिरताना पाहिलेलं नसतं. किसण्या, पानदानं, दिवे, सौंदर्यप्रसाधनं, सगळं बायकांच्या हातातलं, रोजच्या वापरातलं. केळकरांनी राजेमहाराजांचं ताट शोधलं नाही. वाड्यांतल्या अडगळीत जाऊन, मोडीत निघालेलं सामान उचललं. हे संग्रहालय मला आवडतं ते या निवडीसाठी. पण इथंही शेवटी भांडंच आहे. अडकित्ता आहे, सुपारी नाही.

सोलापूरच्या अलीकडे मोहोळ लागतं. गाड्या इथं थांबल्या तर चहासाठी थांबतात, नाहीतर पंढरपूरकडे वळतात. या गावाच्या कृषी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवड करून एक वाण काढण्यात आला. त्याचं सरकारी नाव एम ३५-१, लोकांच्या तोंडचं नाव मालदांडी. टपोरा, पांढरा, चकाकणारा दाणा. भाकरी मऊ, गोडसर, दुसऱ्या दिवशीही तुटत नाही. आणि कडबा असा की जनावर वैरणीतला शेवटचा धांडाही सोडत नाही. नंतर कितीतरी संकरित वाण आले, उताऱ्यात त्यांनी मालदांडीला मागं टाकलं, पण रब्बीच्या कोरडवाहू काळ्या रानात आणि ताटात तिची जागा पूर्णपणे कुणाला घेता आली नाही. नव्वद वर्षं टिकलेलं असं दुसरं बियाणं दाखवा. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

उमरगा सोडलं की महाराष्ट्र संपतो. मराठी संपत नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिक प्रभूंचं (१८१७–१८६५) संस्थान आहे, तिथं मराठी पदं म्हटली जातात आणि आलेल्याला जेवू घातलं जातं. या पट्ट्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकमेकींत मिसळलेल्या असतात. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निझामाचाच होता. मराठवाड्यातल्या माझ्या आजोबांच्या पिढीला कोर्टकचेरीसाठी, कॉलेजसाठी हैदराबादच गाठावं लागे. ती माणसं येताना उर्दू घेऊन आली आणि चिंचेचा हात सैल करून आली. आमच्या घरात आमटी अजून जरा जास्तच आंबट होते, त्याचं मूळ हे असावं.

जहीराबादजवळ महामार्ग सोडून पस्तापूरला जायचं. इथं ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ ही संस्था आहे. दूरदर्शनमधली नोकरी केलेले पत्रकार पी. व्ही. सतीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ साली सुरू केली. त्याच वर्षी आंध्रात एन. टी. रामाराव सत्तेवर आले आणि दोन रुपये किलोचा तांदूळ घरोघर पोचला. उपाशी माणसाच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट होती, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तांबड्या, खडकाळ, पावसावर अवलंबून असलेल्या या जमिनीवर जे पिकत होतं – पिवळी ज्वारी, राळा, सावा, नाचणी, हुलगे, मटकी – त्याला कुणी विचारेना. रानं पडीक पडली. बियाणं संपत चाललं. आणि बियाणं बायकांच्या हाती होतं, कारण पुरुषानं पेरायचं ते तिनं राखायचं, हा इकडचा नियम.

पस्तापूरच्या आसपासच्या गावांत दलित बायकांचे संघम उभे राहिले. त्यांनी पडीक जमिनी पुन्हा लागवडीला आणल्या, गावातच धान्याचा साठा केला, रेशनवर तांदळाऐवजी ज्वारी वाटली. आणि घरोघर बियाणं साठवलं. ही साठवण बघण्यासारखी असते. बांबूच्या कणग्या शेणामातीनं लिंपलेल्या, बियाण्यात राख मिसळलेली, मध्ये कडुनिंबाचा पाला, तोंड पुन्हा लिंपून बंद. ना काच, ना पाटी. कुठल्या कणगीत काय, हे बाईला पाठ असतं. ज्याच्याकडे बियाणं नाही त्यानं न्यायचं आणि सुगीला दीडपट-दुप्पट परत आणून घालायचं. पैशाचा व्यवहार नाही. एकाच रानात वीस-वीस पिकं मिसळून पेरतात. पाऊस दगा देतो तो सगळ्यांना एकदम देत नाही, काहीतरी हाती लागतंच, हा त्यामागचा हिशेब. तणात उगवणाऱ्या भाज्याही त्या पीकच समजतात.

संक्रांतीच्या सुमारास इथं बियाण्यांची जत्रा निघते. सजवलेल्या बैलगाड्या, प्रत्येकीत धान्याच्या टोपल्या आणि मडकी, पुढं गाणं-वाजवणं. गावोगाव मुक्काम करत ही मिरवणूक महिनाभर फिरते. लोक येतात, टोपल्यांत हात घालतात, दाणा दाताखाली चावून बघतात, हे आमच्याकडे होतं, ते गेलं, असं बोलतात, आणि ओंजळभर घेऊनही जातात. ज्याला हात लावता येतो, चावता येतं, घरी नेता येतं आणि पेरता येतं, असं खाण्याचं संग्रहालय मी दुसरं पाहिलेलं नाही. तेही गाडीवर बसून तुमच्या दारात येतं.

हे पाहताना मराठी माणसाला भोगी आठवते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, दाणे, पावटे, हरभरे, गाजर, वांगं घातलेली लेकुरवाळी भाजी, आणि राळ्याचा भात. राळा आता भोगीपुरता वाण्याकडून पुडीत आणला जातो. कुणाच्या रानात तो दिसत नाही. लातूर-धाराशिवकडच्या वेळ अमावस्येची भज्जीही तशीच, रानातल्या सगळ्या शेंगा-भाज्या एका पातेल्यात. सण ही आपली जुनी यादी आहे, कुठकुठलं धान्य आपल्या रानात होतं याची. पस्तापूरच्या बायकांनी यादीबरोबर मालही राखला. त्यांच्या संस्थेला २०१९ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. माचनूर गावी २००८ पासून त्यांचं स्वतःचं ‘संघम रेडिओ’ केंद्र आहे, तेही गावातल्या बायकाच चालवतात. सतीश २०२३ च्या मार्चमध्ये गेले. त्याच वर्षी जगभर भरडधान्य वर्ष साजरं होत होतं, मोठ्या हॉटेलांच्या पानावर नाचणीचे केक येत होते आणि भरडधान्यांना ‘श्रीअन्न’ म्हटलं जात होतं. पस्तापूरनं हे काम कुठलं वर्ष जाहीर होण्याची वाट न पाहता केलं होतं.

इथून हैदराबाद शंभर किलोमीटरच्या आसपास. शहर सुरू होण्याआधी, पटणचेरूला, उजव्या-डाव्या बाजूला कारखाने आणि मध्येच एकदम हिरवं आवार लागतं. ही ‘इक्रिसॅट’. कोरडवाहू प्रदेशातल्या पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, स्थापना १९७२. जागा सुमारे १,४०० हेक्टर. आणि ती निवडली याचं एक कारण असं, की इथं काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी एकाच कुंपणात मिळतात.

१९७२ म्हटलं की महाराष्ट्रात दुसरं काही आठवत नाही. बाहत्तरचा दुष्काळ, रोजगार हमीची खडी, सुकडी, आणि रेशनवरची परदेशी लाल ‘मिलो’ ज्वारी. जनावरांचं खाद्य आपल्या ताटात घातलं, असं लोक म्हणायचे. मालदांडी खाणाऱ्या माणसांनी मिलोच्या भाकरी थापल्या, त्या थापताना मोडत होत्या. त्याच वर्षी मोहोळपासून तीनशे किलोमीटरवर जगातली ज्वारी गोळा करणारी संस्था सुरू झाली, हा योगायोग मराठी माणसानं लक्षात ठेवण्यासारखा आहे.

इक्रिसॅटच्या जनुकपेढीत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग, नाचणी, राळा, वरी, कोद्रा अशा पिकांचे सव्वा लाखाहून जास्त नमुने आहेत, १४४ देशांतून जमवलेले. म्हणजे आपलं जवळजवळ अख्खं ताट: भाकरी, पिठलं, वरण, चटणी. बियाणं आधी गार आणि कोरड्या खोलीत सावकाश वाळवतात. वापरायचे नमुने ४ अंशांना ठेवतात. कायमचे राखायचे ते उणे २० अंशांत, हवा काढून बंद केलेल्या अॅल्युमिनियमच्या पुड्यांत. बहुतेक नमुन्यांची दुसरी प्रत नॉर्वेत उत्तर ध्रुवाजवळ, स्वालबार्डच्या डोंगरात २००८ साली उघडलेल्या तिजोरीत ठेवली आहे.

पण थंड खोलीपेक्षा मला बाहेरचं रान जास्त सांगून गेलं. बियाणं झोपलेलं असलं तरी जिवंत असतं आणि म्हातारंही होतं. ठरावीक वर्षांनी थोडे दाणे काढून उगवण तपासतात. ती घसरली, की तो नमुना पुन्हा पेरून नवं बी धरावं लागतं. म्हणून या संग्रहालयात दर हंगामाला पेरणी असते. ज्वारीच्या कणसांवर कागदी पिशव्या चढवलेल्या, शेजारच्या वाणाचे पराग येऊ नयेत म्हणून. तुरीवर मधमाश्या बसतात, त्यामुळे तूर जाळीच्या पिंजऱ्यात. एका ओळीत इथिओपियाची ज्वारी, पलीकडे सुदानची, त्याच्या पलीकडे आपली. कणसं काही मुठीसारखी आवळलेली, काही मोकळी, पांढरी, पिवळी, तांबडी, काळपट. कालच्या मोहोळच्या मालदांडीला इतका गोतावळा असेल, ही कल्पना नव्हती. इथिओपिया, केनिया, बोट्स्वाना अशा देशांत यादवी, दुष्काळ किंवा नव्या वाणांच्या रेट्यात जी बियाणी नाहीशी झाली, त्यांतली काही या पेढीनं त्यांना परत केली आहेत.

तुरीची गोष्ट तर आपल्या घरची. तुरीला मर रोग लागतो. जमिनीतली बुरशी मुळातून शिरते आणि ऐन फुलोऱ्यात, शेंगा धरायच्या वेळी उभं झाड वाळून जातं. महाराष्ट्रातल्या एका स्थानिक तुरीतून निवड करून इक्रिसॅटनं या रोगाला दाद न देणारा वाण काढला, क्रमांक ८८६३. कर्नाटकात १९८६ साली तो ‘मारुती’ या नावानं प्रसारित झाला आणि गुलबर्ग्याकडून पसरत मराठवाड्यातही आला. महाराष्ट्रातून गेलेली तूर पटणचेरूला तपासून घेऊन, कानडी मुलखातून नवं नाव लावून घरी आली. लातूरच्या डाळ मिलांतून बाहेर पडलेल्या डाळीत तिचा वाटा किती होता, हे वरण खाताना कोण विचारतो? नक्षीही नाही, हिरेमाणकंही नाहीत. पण पटणचेरूच्या त्या पुडीतून जितकी माणसं जेवली, तितकी पुरानी हवेलीतल्या सगळ्या सोन्याच्या भांड्यांतून जेवली नसतील.

शहरात शिरल्यावर मात्र पुन्हा ताटवाट्यांचं राज्य. सालारजंग म्युझियममध्ये मराठी सहली घड्याळाचे टोले ऐकायला आणि बुरख्यातली रेबेका पाहायला रांग लावतात. १९५१ साली सुरू झालेलं हे संग्रहालय मुख्यतः एका माणसाच्या, तिसऱ्या सालारजंगाच्या, जमवाजमवीवर उभं आहे. चिनी मातीची, युरोपातली भांडी एवढी की बघताना भूक मरते. मी तिथं बिदरी कामापुढं थांबतो. हुक्के आणि पानदानं, काळ्या धातूवर चांदीची नक्षी, आणि ती घडवणारं बिदर आपण येताना डावीकडे सोडून आलेलो असतो. चौमहल्ला महालातही कपबश्यांची दालनं आहेत. फलकनुमात एकशे एक माणसं एकदम बसतील असं मेज आहे. २०१० पासून तो महाल हॉटेल आहे, तेव्हा ते मेज बघायलाही पाकीट जड लागतं.

लहान मुलं बरोबर असतील तर बहादूरपुऱ्यातलं सुधा कार्स म्युझियम चुकवू नये. के. सुधाकर या गृहस्थांनी स्वतःच्या हातानं चित्रविचित्र आकारांच्या, चालणाऱ्या गाड्या बनवल्या आहेत. बॅट, बूट, कॅमेरा, त्यात एक बर्गर आणि एक वांगंही. विक्षिप्तपणाबद्दल माझं मत चांगलं आहे. आणि ज्या गावात बगारा बैंगन होतं तिथं वांग्याला इंजिन लावण्याइतका मान मिळावा, हे योग्यच. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं भाजून वाटायचं, चिंचेचा कोळ, आणि देठासकट चिरलेली छोटी वांगी. मराठवाड्यातली कुठलीही बाई हे वाचून म्हणेल, ही तर आमची भरली वांगी. सुलतान बाजार, काचीगुड्याच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत या दोन भाज्यांतली सीमारेषा केव्हाच पुसली गेली आहे. तिथली माझी आत्या ‘नको’ला ‘नक्को’ म्हणते आणि पुरणपोळीच्या पानात मिरची का सालन वाढते. विवेकवर्धिनी शाळा १९०७ सालची. तिथं शिकलेल्या पिढ्यांच्या स्वयंपाकघरांत एकदा कुणीतरी वही घेऊन बसायला हवं.

पुरानी हवेलीजवळ चौकोनी नान भाजण्याची परंपरा जुनी आहे. मुन्शी नान म्हणून जे नाव प्रसिद्ध आहे, ते १८५१ पासूनचं. निझामाच्या दफ्तरातल्या एका मुन्शीनं सुरू केलेलं. औरंगाबादच्या नान-खलियाशी याचं नातं जोडायचा मोह होतो. पण भट्टीपुढं उभं राहून नान हातात पडला की नातं तपासायची घाई राहत नाही. सोन्याचा डबा बघून बाहेर यावं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला नान खावा, हाच तिथला योग्य क्रम.

आता बिर्याणी. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. असा मान मिळवणारा तो देशातला पहिला सामिष पदार्थ. त्याची अट कागदावर आहे: मांस आणि गहू यांचं प्रमाण दहाला चार, तांब्याचं भांडं, विटामातीची भट्टी, लाकडाचा जाळ, बारा तास शिजवणं. बिर्याणीचा अर्जही २००९ साली गेला होता; पण तिच्या उगमाचा ऐतिहासिक पुरावा द्या, असं विचारल्यावर तो देता आला नाही आणि अर्ज बारगळला. मला यात बिर्याणीची नामुष्की वाटत नाही. बावर्च्यांनी लिहून ठेवलं नाही. कच्चं मांस आणि अर्धकच्चा तांदूळ एकाच हंडीत दमाला बसवून दोन्ही एकाच वेळी शिजवायचं गणित हातातून हातात गेलं. दस्तऐवज मागणाऱ्या कचेरीला हंडी पुरावा म्हणून चालत नाही. आणि खरं सांगायचं तर बिर्याणीला संग्रहालयाची गरजही नाही. जे रोज लाखो ताटांत आहे ते टिकवावं लागत नाही. गरज आहे ती राळ्याला, कोद्र्याला, पिवळ्या ज्वारीला.

शेवटी तारनाक्याला जा. उस्मानिया विद्यापीठाला लागून राष्ट्रीय पोषण संस्था आहे. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूरला एका खोलीच्या प्रयोगशाळेत सुरू केलेलं हे काम १९५८ साली हैदराबादला आलं. तिथं पोषणाचं छोटं संग्रहालय आहे. गर्दी नसते. खाणं इथं कौतुकाचा विषय नाही, हिशेबाचा आहे. याच संस्थेत सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधल्या गरिबांच्या पेलाग्रा या रोगाचा शोध घेतला. उन्हात कातडी काळवंडून सोलते, जीभ लाल होते, माणूस भ्रमिष्ट होतो. हे रोगी मका खाणारे नव्हते, ज्वारी खाणारे होते. नुसती ज्वारी, डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही. ज्वारीतल्या ल्युसिनचा त्याच्याशी संबंध त्यांनी मांडला. मालदांडीचे गोडवे गाऊन झाल्यावर हे ऐकणं जड जातं, पण ऐकायलाच हवं. भाकरी-चटणीवर राहिलेल्या माणसाच्या गरिबीला परंपरा म्हणून मिरवता येत नाही. पस्तापूरच्या बायका एका रानात वीस पिकं का घेतात, त्याचं उत्तर इथं मिळतं. याच संस्थेनं २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांतल्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. डब्यात काय भरावं, हे त्या पुस्तकात आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. सालारजंग आणि निझामाचं संग्रहालय दोन्ही शुक्रवारी बंद असतात. इक्रिसॅटमध्ये आधी लिहून परवानगी घ्यावी लागते, फाटकावर जाऊन हुज्जत घालू नये. पस्तापूरची जत्रा पाहायची तर संक्रांतीनंतरचा महिना धरावा, आणि आधी संस्थेकडे चौकशी करावी; ती तमाशा म्हणून निघत नाही, तिथल्या लोकांच्या कामासाठी निघते.

आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मंडळींना एक विनंती. मोहोळच्या संशोधन केंद्राच्या दारात एक खोली पुरे. मालदांडीची कणसं, तिच्या आधीचे गावोगावचे वाण, मंगळवेढ्याची ज्वारी, एक जातं, एक काठवट, आणि बाजूला चुलीवर भाकरी करणाऱ्या बचतगटाच्या बायका. जाताना प्रत्येकाच्या हातात बियाण्याची एक पुडी. महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात. पाटी लावली तर थांबतील. कृषी विद्यापीठ, जिल्हा परिषद आणि साखर कारखाने यांच्या दृष्टीनं हा खर्च किरकोळ आहे. मालदांडीच्या शंभरीच्या आत हे व्हावं.